मोठी गाडी, पण मागचं सबंध दार उघडणारी: बडोद्यातलं एक प्रकरण

डांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाला 2014ची स्कोडा ऑक्टाव्हिया काढून तशीच दुसरी गाडी घ्यायची होती. तशीच दुसरी बाजारात नव्हती. नव्हती म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. 2025च्या ऑक्टोबरात ऑक्टाव्हिया आरएस परत आली, पण साऱ्या देशासाठी शंभर गाड्या आणि किंमत 49.99 लाख. त्याआधी 2024मध्ये सुपर्ब आली तीही शंभरच, 54 लाखांना. भावोजी म्हणाले, "एवढ्यात आमच्या वाड्याचं छत होईल." तो विषय तिथेच संपला.

ऑक्टाव्हियाच का, हे आधी सांगायला हवं. घरातल्या ताई, म्हणजे भावोजींच्या पत्नी, शास्त्रीय गाणं शिकवतात. घरात मिरजेचे दोन तानपुरे आहेत आणि कार्यक्रमाला दोन्ही सोबत न्यावे लागतात. ऑक्टाव्हिया बाजूने पाहिली तर सेडान, चार दारं आणि मागे आखूडशी डिकी. पण मागचं झाकण उचललं की काचेसकट वर जातं आणि गाडीची मागची सगळी बाजू मोकळी होते. डिकी 590 लिटरची, मागची सीट पाडली की 1,580. सीटचा एक भाग पाडायचा, दोन्ही तानपुरे दांडी पुढे करून आडवे ठेवायचे, आणि तरी मागे एक माणूस बसतो. हे अकरा वर्षं चाललं. त्यामुळे गाडी म्हणजे अशीच असते, असं घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. बाजारात उतरल्यावर कळलं की ती अपवाद होती.

माझा या प्रकरणात संबंध दोन कारणांनी आला. एक म्हणजे ओळख. दुसरं म्हणजे मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या पत्र्याचे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, करणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे "अहो, एवढं साधं मागचं दार, ते का देत नाहीत?" या ताईंच्या प्रश्नाला उत्तर देणं माझ्याकडे आलं. उत्तर साधं नाही. पण आपल्याकडे "लोकांना सेडान आवडते" एवढ्यावर ते ढकलून दिलं जातं, ते तर मुळीच पुरेसं नाही.

लिटर आणि तोंड

पहिलं काम मोजमापाचं. तानपुऱ्याची रिकामी फायबर पेटी घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो. पेटीची लांबी तानपुऱ्याहून थोडी जास्त, म्हणजे पाच फुटांच्या आत. आणि भोपळ्याकडचं टोक चांगलं दीड फूट जाड. सेल्समननं आकडा सांगितला. आजच्या मधल्या आकाराच्या सेडान डिकीच्या बाबतीत कंजूष नाहीत: होंडा सिटी 506 लिटर, स्लाव्हिया आणि व्हर्टस 521, वर्ना 528. तुलनेला क्रेटा ही एसयूव्ही घ्या, 433. म्हणजे कागदावर सेडान जिंकते, आणि चांगल्या फरकानं.

पण लिटर म्हणजे आतली पोकळी. तानपुऱ्याला लागतं तोंड. एका सेडानमध्ये मागची सीट पडत होती, भावोजी खूश झाले. पेटी निमुळत्या टोकानं आत घातली. दांडीकडची बाजू सीटमधून पुढे सरकली. जाड टोक डिकीच्या तोंडाशी आलं आणि वरच्या पत्र्याला लागलं. पेटी तिरकी केली, परत सरळ केली, जरा खाली दाबून पाहिली. एक पेटी कशीबशी गेली. दुसरीला जागाच उरली नाही, कारण डिकी आणि आतल्या भागाच्या मधली लोखंडी चौकट सीटच्या रुंदीइतकी मोठी नव्हती. सीट पडते म्हणजे भिंत पडते असं नसतं. सीट हा फक्त पडदा, भिंत त्याच्यामागे.

सेल्समन म्हणाला, "मॅडम, रूफ कॅरियर लावून देऊ." ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच चहा सांगायला गेला.

भिंत कशासाठी

ती चौकट उगाच नसते. काड्यापेटीचं नुसतं बाहेरचं टरफल घ्या, आतला खण काढून ठेवा आणि दोन बोटांनी दाबा. लगेच तिरपं होतं. खण आत घातला की तेच टरफल दाबूनही हलत नाही. सेडानच्या मागच्या सीटपाठीमागचा पत्रा आणि काचेखालची आडवी पट्टी हे त्या खणाचं काम करतात. खड्ड्यातून एक चाक गेलं की बॉडीला पीळ बसतो, आणि तो पीळ ही दोन पॅनेल झेलतात. हॅचबॅकमध्ये, म्हणजे काचेसकट मागचं सबंध दार उघडणाऱ्या गाडीत, ती नसतात. तिथे सगळा भार दाराच्या भोवतीच्या चौकटीवर येतो. मग ती चौकट जाड करा, कोपऱ्यांत आतून पट्ट्या भरा, चांगल्या प्रतीचं पोलाद वापरा. छोट्या गाडीत हे सहज जमतं, कारण चौकट लहान आणि बॉडी आखूड. गाडी साडेचार मीटरची झाली, मागचा भाग रुंद झाला, की तेच काम वजनाचं आणि पैशाचं होतं. वर काच बसवलेलं जड दार, ते पेलणारे बिजागर, उचलून धरणारे गॅसचे दांडे. जमत नाही असं नाही. ऑक्टाव्हिया पुरावा आहे. फक्त फुकट जमत नाही.

डोक्यावरच्या जागेचं मात्र कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते मोठ्या गाडीत तोच खरा अडसर आहे. सेडानचं झाकण काचेच्या खाली उघडतं, त्यामुळे छप्पर वाटेल तसं मागे उतरत नेता येतं. हॅचबॅकचं दार छपरालाच टांगलेलं असतं. म्हणजे छपराच्या शेवटी एक आडवा तुळईसारखा भाग हवा, त्यात बिजागर हवेत, आणि तो भाग नेमका मागे बसणाऱ्याच्या डोक्याच्या आसपास येतो. मागे सरकवला तर दार आखूड होतं, पुढे घेतला तर टाळूला लागतो. टेस्लानं मॉडेल एसला 2012मध्ये मागचं सबंध दार दिलं. त्याहून लहान मॉडेल ३ला मात्र दिलं नाही. तिथे काच मागच्या प्रवाशाच्या डोक्यावरून थेट खाली आणली आणि झाकण काचेच्या खाली ठेवलं. उतरत्या छपराची गाडी आखूड झाली की डोक्यासाठी इंच इंच भांडावं लागतं, आणि त्या भांडणात दार हरलं.

बाकी आवाज, ऊन आणि वास. मागच्या चाकांच्या कमानीतून येणारा रस्त्याचा गडगडाट सेडानच्या डिकीत अडतो; हॅचबॅकमध्ये तो थेट मागच्या सीटवरच्या माणसाच्या कानाशी येतो. एसीला जास्त हवा गार करावी लागते. बडोद्याच्या मे महिन्यात हे जाणवतं, विशेषतः दार उघडलं की, कारण पाठीमागून आगीची झळ आत येते आणि घरातले वयस्कर आबा वैतागतात. थंडीच्या देशात हाच प्रश्न उलटा असतो. सिट्रोएननं 1989च्या एक्सएममध्ये त्यासाठी आत आणखी एक काच बसवली होती, मागचं दार उघडलं तरी मागच्या प्रवाशाला वारा लागू नये म्हणून. दार द्यायचं तर इतका विचार करावा लागतो, आणि तो करणारे फार नसतात. वासाचं म्हणाल तर हापूसची पेटी मागे ठेवली तर कोणाची तक्रार नसते, सुकट ठेवली तर असते.

तानपुऱ्याच्या बाजूनंही हॅचबॅक सगळीच चांगली नाही. मागच्या तिरप्या काचेतून ऊन थेट पेटीवर पडतं, आणि भोपळा उन्हात तडकतो हे ताईंनी कधीतरी अनुभवलेलं. म्हणून त्या पेटीवर पांढरी चादर घालतात. बंद डिकीत हा प्रश्न नाही. पण बंद डिकीत एसीही पोचत नाही. ताईंचा कौल हॅचबॅककडेच.

चार मीटरची रेघ

आतापर्यंतची कारणं जगभर सारखी आहेत. तरी युरोपात मोठ्या हॅचबॅक भरपूर झाल्या. 1965ची रेनॉ 16 ही त्यांतली आद्य. 1982ची फोर्ड सिएरा ब्रिटनमध्ये सुरुवातीला डिकीवाली मिळतच नव्हती. ती 1987मध्ये आली. सुपर्बच्या दुसऱ्या पिढीत स्कोडानं दोन्ही दिलं: नुसती डिकी उघडा किंवा काचेसकट सगळं उघडा. दोन दारांच्या यंत्रणेचा तो खटाटोप पुढच्या पिढीत त्यांनी सोडला, पण दार सोडलं नाही.

आपल्याकडे गोष्ट कराने ठरवली. 2006च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16वर आणलं. लहान गाडी म्हणजे लांबी 4,000 मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1,500 सीसीपर्यंत. 2008मध्ये ते 12 टक्के झालं. रेघ तेव्हा आखली गेली ती अजून तिथेच आहे.

त्या रेघेचा परिणाम पाहण्यासारखा आहे. कंपन्यांनी हॅचबॅक लांब केली नाही. उलट सेडान कापली. टाटांनी 2008मध्ये इंडिगो सीएस आणली, 3,988 मिलिमीटर. मारुतीची पहिली डिझायर 4,160ची होती, 2012मध्ये तिची डिकी छाटून ती 3,995वर बसवली. ह्युंदाईची आय20 युरोपात चार मीटरहून लांब आहे, आपल्याकडे 3,995. बंपरपाशी कुठेतरी कात्री लागली. म्हणजे हॅचबॅक चार मीटरच्या आत राहिली, सेडानसुद्धा आत ओढली गेली, आणि त्या रेघेच्या पलीकडे जाणाऱ्यानं मोठा कर भरून काहीतरी 'मोठं' मिळवायचं ठरवलं. मोठा कर भरून हॅचबॅक कोण घेईल? समोरच्या घरात उभी असलेली हॅचबॅक कितीतरी कमी कराची असते, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

होंडाचं उदाहरण इथे चपखल बसतं. सिटीची हॅचबॅक थायलंडमध्ये 2020पासून आहे. लांबी सुमारे 4.35 मीटर, मागची सीट हवी तशी वळणारी. ताईंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "हीच!" भारतात ती आलेली नाही. आली असती तर रेघेच्या पलीकडे, म्हणजे सिटीच्याच कराच्या पायरीवर उभी राहिली असती, आणि दिसायला मात्र बलेनोची थोरली बहीण. अशी गाडी शोरूममध्ये विकायला मला सांगितलं तर मीसुद्धा कचरेन.

जीएसटीत ही रेघ पुसली जाईल असं काहींना वाटत होतं. झालं उलट. 2025च्या 22 सप्टेंबरपूर्वी लहान पेट्रोल गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून 29 टक्के होते आणि सिटी-वर्नासारख्यांवर 45. अंतर सोळाचं. त्या दिवसापासून लहान गाडी 18 टक्के, बाकी सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या 40, उपकर नाही. दोन्हीकडे स्वस्ताई आली म्हणून वर्तमानपत्रांत आनंद झाला, पण अंतर बावीस झालं. रेघ अजून ठळक झाली.

आणि म्हणून भारतातली 2011ची स्कोडा रॅपिड साधी डिकीवाली होती, आणि त्याच नावाची गाडी पुढच्या वर्षी युरोपात आली ती मागचं सबंध दार घेऊन. तीच कंपनी, तेच नाव. आपल्यासाठी वेगळा हिशेब. (फोक्सवॅगनच्या व्हेंटोचा सांगाडा हाताशी होता हेही खरं. डायवरचा खर्च वाचतो. मागचा साइड पॅनेल, छप्पर, झाकण, यांतल्या एकेका पॅनेलला चार-पाच डाय लागतात: पत्रा ओढायचा, कापायचा, कड वळवायची, शेवटी परत दाबून आकार पक्का करायचा. दुसरी बॉडी काढायची म्हणजे हा सगळा संच परत. खप नक्की असल्याशिवाय कोणी हात घालत नाही.)

हालोलची साक्ष

बडोद्याच्या माणसाला या विषयात दूर जायला नको. हालोल इथून चाळीसेक किलोमीटर. तिथल्या कारखान्यात जनरल मोटर्सनं 2000मध्ये ओपेल कोर्सा बनवायला घेतली. युरोपात कोर्सा म्हणजे हॅचबॅक. हालोलमधून ती आधी निघाली डिकी लावून. हॅचबॅक, म्हणजे कोर्सा सेल, 2003मध्ये आली. भारतीय गिऱ्हाइकाला काय हवं याबद्दल कंपनीचा अंदाज यातून कळतो.

पुढे त्याच कारखान्यानं एक धाडस केलं. शेवरोले ऑप्ट्रा ही पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीनं रेखाटलेली सेडान आधीच चालत होती. तिची हॅचबॅक, जुजारोच्या इटालडिझाइनची, 2006च्या शेवटी ऑप्ट्रा एसआरव्ही नावानं आणली. 1.6 लिटरचं पेट्रोल इंजिन, लांबी 4,295 मिलिमीटर. चालवायला चांगली, दिसायला देखणी. चालली नाही. लांबीत आणि इंजिनातही रेघेच्या पलीकडे, म्हणून करात सवलत नाही. सेडानवाल्याला ती 'कमी' वाटली, हॅचबॅकवाल्याला महाग. काही वर्षांत बंद झाली. आमच्या कारखान्यात त्या काळी एक जण म्हणायचा की ही गाडी दहा वर्षं आधी आली आहे. मला तेव्हा ते नेहमीचं सांत्वन वाटायचं.

ही पहिलीच ठेच नव्हती. आबांना आणखी जुनी आठवते. 1985मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं स्टँडर्ड 2000 काढली. ती म्हणजे ब्रिटनची रोव्हर एसडी1, जिला 1977 साली युरोपातल्या वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला होता. पाच दारी, मागचं दार काचेसकट उघडणारी, साहेबी थाटाची मोठी हॅचबॅक. आत मात्र जुनंच दोन लिटरचं इंजिन बसवलेलं. आबा म्हणतात, "गाडी वाघासारखी दिसायची आणि चढ आला की म्हैस व्हायची." 1988पर्यंत तिचं काम आटोपलं. पडण्याची कारणं इंजिन आणि किंमत ही होती, दार नव्हे. पण मोठी हॅचबॅक म्हणजे अपशकुन असं काहीतरी वाहन-जगात तेव्हापासून चिकटलं असावं, असा माझा संशय आहे.

आता हालोलची दुसरी बाजू. 2017मध्ये जनरल मोटर्सनं तो कारखाना बंद केला आणि एमजीनं घेतला. 2024च्या सप्टेंबरात तिथून विंडसर निघाली. वीजेवरची, पाच दारी, मागचं दार काचेसकट उघडणारी, 604 लिटरची डिकी. लांबी किती? 4,295 मिलिमीटर. ऑप्ट्रा एसआरव्हीइतकीच, मिलिमीटरला मिलिमीटर. कंपनी तिला हॅचबॅक म्हणत नाही, सीयूव्ही म्हणते. जमिनीपासून 186 मिलिमीटर उंच आहे म्हणून असेल. पण ताईंनी मागचं दार उचललं आणि म्हणाल्या, "ही तर आपलीच. जरा टाचा उंच केलेली."

ती विकली गेली, आणि चांगली विकली गेली. बरेच महिने देशातली सर्वांत जास्त खपणारी वीजगाडी होती. का, याला कारणं अनेक आहेत. बॅटरी भाड्यानं घेण्याची सोय, किंमत, मागची प्रशस्त सीट. पण माझ्या दृष्टीनं एक कारण या प्रकरणाला थेट लागू आहे. वीजगाडीवर जीएसटी 5 टक्के, लांबी कितीही असो. चार मीटरची रेघ तिच्यासाठी अस्तित्वातच नाही. बॅटरी जमिनीत सपाट पसरते, त्यामुळे बॉडीचा तळ आपोआप ताठ होतो आणि मागच्या भिंतीची गरज कमी होते. एकाच गावात, जवळजवळ एकाच मापाच्या दोन गाड्या, मध्ये अठरा वर्षं; एक पडली, एक चालली. रेघ हटवली आणि नाव बदललं की मोठी हॅचबॅक आपल्या लोकांना चालते. आमच्या कारखान्यातल्या त्या माणसाचं वाक्य मला आता तितकं सांत्वनाचं वाटत नाही.

शेवटी काय घेतलं

विंडसर घेतली असेल असं वाटलं ना? नाही घेतली. वाडा जुना, डांडिया बाजारात गाडी रस्त्याच्या कडेला लागते. तिथे चार्जर कुठे बसवायचा? मीटर वाड्याच्या आतल्या चौकात. तिथून केबल ओढायची तर फुटपाथवरून, आणि शेजारच्या दुकानदाराला आधी विचारायला हवं. दुसरं, मुलगी पुण्यात, कार्यक्रमही तिकडचे. मोठ्या बॅटरीच्या विंडसरची कंपनीनं सांगितलेली मजल 449 किलोमीटर; बडोदे ते पुणे त्याहून लांब. वाटेत चार्जिंगला थांबणं भावोजींना पटेना. ताई तयार होत्या. त्या म्हणाल्या, "थांबल्यावर चहा तर पिणारच आहोत." पण गाडी भावोजी चालवतात.

मग राहिली मधल्या आकाराची एसयूव्ही, जी घ्यायची नाही असं सगळे पहिल्या दिवशी एकमुखानं म्हणाले होते. "ती उंच, त्या सगळ्या राक्षसासारख्या" वगैरे. आणि इथे आबांचा गुडघा आला. आबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सेडानमध्ये बसताना त्यांना खाली वाकून, हात टेकवून स्वतःला सोडावं लागतं. उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो. ऑक्टाव्हियातही तेच होतं, पण सवय झाली होती म्हणून कोणी बोलत नव्हतं. शोरूममध्ये एसयूव्हीच्या दाराशी आबा उभे राहिले तर सीट बरोबर त्यांच्या कमरेशी. ते मागे वळले, टेकले, पाय आत घेतले. कोणाचा हात न घेता. दुसऱ्यांदाही बसून दाखवलं, आणि सेल्समनकडे पाहून म्हणाले, "कळलं का?"

मला वाटतं मोठ्या हॅचबॅकचा खरा प्रतिस्पर्धी सेडान कधीच नव्हती. सेडानवाल्याला मागे भिंत हवी, निवांतपणा हवा, डिकीत ठेवलेलं दिसू नये असं हवं. त्याचा प्रश्न वेगळा. ज्याला मागचं सबंध दार हवं, सीट पाडून काहीतरी आडवं घालायचं असतं, त्याला एसयूव्हीनं उचलून नेलं. एसयूव्हीच्या मागे सबंध दारच असतं. वर गुडघ्याला सोपी उंची, खड्ड्यांना सोपी चाकं, आणि सोसायटीत मान. युरोपातही हेच झालं. फोर्ड मॉन्डिओ, जी सिएराची वारस, 2022मध्ये तिथे बंद झाली, आणि तिला खाणारी गाडी बहुतेक त्याच कंपनीच्या शोरूममध्ये शेजारी उभी होती.

मोजमाप परत केलं. दोन्ही पेट्या सीटचा एक भाग पाडून गेल्या. एकीचं जाड टोक उजवीकडे, दुसरीचं डावीकडे. दोन अडचणी निघाल्या. मागची कड ऑक्टाव्हियाच्या कडेहून उंच आहे, पेटी कमरेच्या वर उचलावी लागते, आणि ताईंची पाठ आता तरुण नाही. दुसरी अडचण पार्किंगची: सूरसागर तलावाजवळच्या ज्या जुन्या पार्किंगमध्ये त्या पावसाळ्यात गाडी लावतात, तिथे छताला पाण्याचा पाइप खाली आलेला आहे. वर जाणारं दार त्या पाइपाला लागेल. शोरूमच्या माणसानं दार किती उंच उघडावं ते सेट करून दिलं, एका ठरावीक उंचीला थांबेल असं. पेटीसाठी मी एक सुचवणी केली: शाळेच्या बाकाच्या उंचीचं घडीचं लोखंडी स्टूल मागे ठेवावं, पेटी आधी त्यावर टेकवावी, मग आत सरकवावी. ते ताईंना पटलं. स्टूल रावपुऱ्यातून आणलं.

रंग पांढरा. भावोजींना राखाडी हवा होता.

ऑक्टाव्हिया एक्स्चेंजला दिली. पाहणी करायला आलेल्या मुलानं सगळीकडून फोटो काढले, टायर पाहिले, मागचं दार उघडून पांढरी चादर बाजूला केली आणि सर्व्हिसची वही मागितली. ऑक्टाव्हियाचे जुने गिऱ्हाईक अजून शोधत येतात, असं तो म्हणाला. मग फॉर्म भरला. बॉडीच्या रकान्यात त्यानं 'सेडान' लिहिलं आणि भावही त्यावरच लावला.